पॅरा जंबल्स: प्रत्येक वाक्य समजते, तरी क्रम का चुकतो?

अर्धविराम

नमस्कार. मी आयबीपीएसच्या, म्हणजे बँकांतील भरतीसाठी परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या, पीओ (अधिकारी) आणि क्लार्क या दोन्ही परीक्षांची तयारी करत आहे. माझे पदवीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे. मागच्या प्रयत्नात गणित आणि रिझनिंगमध्ये मला पुरेसे गुण होते, परंतु इंग्रजीच्या सेक्शनल कटऑफपाशी, म्हणजे त्या विभागात लागणाऱ्या किमान गुणांपाशी, मी अडले. उत्तरे पुन्हा पुन्हा तपासल्यावर लक्षात आले की उताऱ्यावरचे प्रश्न आणि रिकाम्या जागा मला बऱ्यापैकी जमतात, आणि गुण जातात ते मुख्यतः विस्कटलेल्या वाक्यांचा क्रम लावण्याच्या प्रश्नांत, म्हणजे पॅरा जंबल्समध्ये. शब्दसंग्रह कमी पडतो असे म्हणावे, तर प्रत्येक वाक्याचा अर्थ मी नीट सांगू शकते. तरीही क्रम चुकतो.

काल सोडवलेला एक संच येथे देत आहे. वाक्यांचा आशय मराठीत लिहिला आहे आणि जेथे मूळ इंग्रजी शब्द महत्त्वाचा वाटला तेथे तो तसाच ठेवला आहे.

अ. 'धिस लिमिट, हाउएव्हर' अशी सुरुवात. पुढे आशय असा की ती पाव शतकाहून अधिक काळ बदलली नाही आणि त्या काळात सामान्य कुटुंबांच्या ठेवी मात्र वाढत गेल्या.

ब. बँकांतील ठेवींना विमा देणारी 'अ स्कीम' भारतात १ जानेवारी १९६२ पासून लागू झाली.

क. 'इट वॉज ओन्ली इन २०२०' की हे संरक्षण पाच लाख रुपयांपर्यंत वाढवण्यात आले.

ड. 'द स्कीम' सुरुवातीला प्रत्येक ठेवीदाराच्या फक्त १,५०० रुपयांना संरक्षण देत असे.

इ. 'आफ्टर सेव्हरल रिव्हिजन्स, द अमाउंट' १९९३ मध्ये एक लाख रुपयांवर पोहोचली.

ई. 'टू इयर्स अर्लियर' दोन बँका बुडाल्या होत्या आणि ठेवीदारांना संरक्षणाची गरज आहे हे सरकारला 'हॅड कन्व्हिन्स्ड' या क्रियापदाने सांगितल्याप्रमाणे पटले होते.

मी लावलेला क्रम ई, ब, ड, अ, इ, क असा होता. बँका बुडाल्याची घटना सर्वांत जुनी, म्हणून ती पहिली घेतली. १,५०० रुपये ही मर्यादाच आहे, म्हणून 'धिस लिमिट' त्यानंतर लावले. पहिले, दुसरे, तिसरे, पाचवे आणि शेवटचे वाक्य कोणते असे पाच प्रश्न होते. त्यांतील दोन बरोबर आले आणि तीन चुकले, म्हणजे निगेटिव्ह मार्किंग (प्रत्येक चुकीला पाव गुण वजा) धरून हातात सव्वा गुण पडला. योग्य क्रम ब, ई, ड, इ, अ, क असा दिला आहे. उत्तर पाहिल्यावर ते पटते, पण उत्तर पाहण्याआधी ते का दिसत नाही, हा माझा प्रश्न आहे. सराव वाढवावा की सरावाची पद्धत बदलावी?

शाईपेन

तुम्ही चुकलेला क्रम आणि त्यामागचे कारण दोन्ही लिहिले, हे फार चांगले केले. बहुतेक जण केवळ किती गुण आले ते सांगतात, आणि त्यावरून मदत करणे अशक्य असते.

तुमची पद्धत अशी दिसते की तुम्ही आधी गोष्ट शोधता, म्हणजे काय घडले, मग काय घडले, आणि त्या गोष्टीच्या क्रमाने वाक्ये ठेवता. परंतु परिच्छेदातील क्रम हा घटनांचा क्रम असेलच असे नाही. तो सांगण्याचा क्रम असतो. लेखकाने १९६२ पासून सुरुवात केली आणि मग मागे वळून १९६० कडे पाहिले, तर १९६० दुसऱ्या जागी येते. म्हणून वाक्याचा अर्थ कळल्यावर लगेच त्याची जागा ठरवू नका. आधी प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारा: हे वाक्य आपल्या आधी काय सांगितले गेले आहे असे गृहीत धरते? मी त्याला त्या वाक्याची मागणी म्हणतो.

तुमच्या संचावर हे लावून पाहू. ई या वाक्याची मागणी उघड आहे. 'टू इयर्स अर्लियर' म्हणजे दोन वर्षे आधी, पण कशाच्या आधी? त्यापूर्वी कोणते तरी साल आलेले असलेच पाहिजे. हे वाक्य पहिले असू शकत नाही, मग त्यातील घटना कितीही जुनी असो. सहा वाक्यांत साल असलेली वाक्ये तीन: १९६२, १९९३ आणि २०२०. विमा योजनेची गरज पटण्याचा संबंध योजना सुरू होण्याशीच लागतो, त्यामुळे ब आणि ई ही जोडी बांधली गेली. ड मध्ये 'द स्कीम' आहे, म्हणजे योजनेची ओळख आधी झालेली हवी. ती ओळख ब मधील 'अ स्कीम' करून देते, म्हणून ड हे ब च्या नंतर कुठेतरी येते. इ मध्ये 'द अमाउंट' आहे, त्यामुळे एखादी रक्कम आधी आलेली असावी लागते. ती ड मध्ये आहे.

आता अ. येथे तुमची चूक सर्वांत शिकण्यासारखी आहे, कारण ती निष्काळजीपणाची चूक नाही. 'धिस लिमिट' ही १,५०० रुपयांची मर्यादा असू शकते, आणि १९६२ ते १९९३ हा काळही पाव शतकाहून मोठा आहे, त्यामुळे आकडेसुद्धा जुळल्यासारखे वाटतात. परंतु इ सांगते की 'आफ्टर सेव्हरल रिव्हिजन्स', म्हणजे १९९३ पूर्वी रक्कम अनेकदा बदलली. अनेकदा बदललेली मर्यादा पाव शतक न बदलता राहिली असे कसे म्हणता येईल? म्हणून न बदललेली मर्यादा ही एक लाखाचीच, आणि तो काळ १९९३ ते २०२०. एका वाक्याची मागणी पूर्ण होते एवढे पाहून थांबायचे नाही. बाकीच्या वाक्यांशी विसंगती येते का, हेही पाहायचे. तुम्ही पहिले केले, दुसरे राहिले.

मग क शेवटी जाते. या वाक्यातील 'इट' कोणाबद्दल आहे, हे शोधण्यात अनेक जण वेळ घालवतात. हा 'इट' कोणत्याही नामाच्या जागी आलेला नाही. २०२० या सालावर जोर देण्यासाठी वाक्याची तशी रचना केली आहे. 'इट वॉज' नंतर काळ, स्थळ किंवा व्यक्ती आणि मग 'दॅट' असे दिसले की मागे नाम शोधण्याची गरज नसते. याउलट 'ओन्ली' हा शब्द खूप काही सांगतो. 'तेव्हा कुठे' या अर्थाने तो येतो आणि त्याच्या आधी दीर्घ प्रतीक्षा हवी असते. ती प्रतीक्षा अ मध्ये आहे.

लक्षात घ्या की मी पहिले वाक्य शोधून सुरुवात केली नाही. ज्या वाक्याला कोणतीही मागणी नाही ते, म्हणजे ब, शेवटी आपोआप वर उरले.

पायवाट

वरील विवेचन उत्तम आहे, परंतु परीक्षेच्या दालनात बसलेल्या उमेदवाराच्या दृष्टीने मला काही गोष्टी वेगळ्या सांगायच्या आहेत. मी दोन प्रयत्नांनंतर निवडला गेलो, आणि पहिल्या प्रयत्नात मी असेच प्रत्येक वाक्य शेवटपर्यंत तपासत बसलो होतो.

पूर्व परीक्षेत इंग्रजीचे ३० प्रश्न आणि २० मिनिटे असतात, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ४० सेकंद. पाच प्रश्नांच्या संचाला त्या हिशेबाने ३ मिनिटे २० सेकंद मिळतात. रिकाम्या जागा आणि चुका शोधण्याचे प्रश्न लवकर झाले तर पाच मिनिटांपर्यंत जाता येईल, त्यापलीकडे नाही. माझा नियम असा होता की पहिल्या वाचनात, साधारण एका मिनिटात, दोन पक्क्या जोड्या सापडल्या तरच संच सोडवायचा. सापडल्या नाहीत तर पुढे जायचे आणि वेळ उरला तर परत यायचे. या प्रश्नप्रकारात एक वाक्य चुकले की शेजारची जागाही चुकते, त्यामुळे अर्धवट खात्रीने उत्तरे भरल्यास नुकसान एका प्रश्नापुरते राहत नाही. पाचही चुकले तर सव्वा गुण वजा होतो आणि पाच मिनिटे गेलेली असतात ती वेगळीच.

दुसरे असे की हल्ली अनेक संचांत एका वाक्याची जागा आधीच सांगितलेली असते, उदाहरणार्थ तिसरे वाक्य ठरलेले आहे, उरलेली लावा. असे असेल तर त्या ठरलेल्या वाक्यापासूनच सुरुवात करावी. त्याची मागणी काय, आणि ते पुढच्या वाक्यासाठी काय सोडून जाते, एवढे पाहिले की दुसरे आणि चौथे वाक्य बहुतेक वेळा हाती लागते.

अर्धविराम

दोघांचेही मनापासून आभार. 'आफ्टर सेव्हरल रिव्हिजन्स' हे शब्द मी वाचले होते, पण ते माझ्या क्रमाच्या विरोधात साक्ष देत आहेत हे जाणवले नव्हते. एक शंका आहे. मी पाठ केलेल्या यादीत असे आहे की 'हाउएव्हर', 'देअरफोर', 'मोरओव्हर' किंवा कोणतेही सर्वनाम असलेले वाक्य पहिले नसते, आणि 'द' असलेले वाक्यही पहिले नसते. या यादीवर किती विसंबावे?

निळी वही

मी इंग्रजी शिकवते, आणि ही यादी दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांच्या वहीत पाहते. यादी पूर्णपणे चुकीची नाही, परंतु तिच्यामागचे कारण माहीत नसेल तर ती नेमकी अवघड प्रश्नात दगा देते.

'द' बद्दल आधी. एखाद्या गोष्टीची वाचकाला ओळख आहे असे लेखक धरून चालतो तेव्हा 'द' येतो. ही ओळख आधीच्या वाक्यामुळे झालेली असू शकते, किंवा ती गोष्ट मुळात एकच असल्यामुळेही असू शकते. 'द रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया', 'द मान्सून', 'द सन' यांनी परिच्छेद खुशाल सुरू होतो. सर्वनामाचेही तसेच आहे. '१९३५ मध्ये ती स्थापन झाली असली तरी रिझर्व्ह बँकेचे राष्ट्रीयीकरण १९४९ मध्ये झाले' या आशयाचे इंग्रजी वाक्य 'ऑल्दो इट' ने सुरू होते, पण त्या 'इट' चे नाम त्याच वाक्यात पुढे मिळते. मागणी त्याच वाक्यात पूर्ण होत असल्याने हे वाक्य पहिले असू शकते. लघुरूपांच्या बाबतीतही एवढाच विवेक हवा. संस्थेचे पूर्ण नाव आधी आणि आद्याक्षरे नंतर हा क्रम सहसा खरा ठरतो, मात्र फार परिचित संस्थेची आद्याक्षरे सुरुवातीलाही येतात.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे वळते, कारण 'उत्तर पाहण्याआधी ते का दिसत नाही' हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. यामागे बुद्धीची किंवा मेहनतीची उणीव नाही. आपली भाषा ज्या खुणा वापरत नाही, त्या खुणांवरून आपली नजर सरकून जाते.

मराठीत 'अ' आणि 'द' यांच्यासारखी उपपदे नाहीत. आपण 'एक योजना' म्हणतो आणि नंतर 'ती योजना' म्हणतो, पण पुष्कळदा नुसते 'योजना' म्हणूनही भागते. त्यामुळे इंग्रजी वाचताना 'अ स्कीम' आणि 'द स्कीम' हे दोन्ही मनात 'योजना' होऊन उतरतात आणि क्रमाची सर्वांत स्वस्त खूण तेथेच हरवते. तुम्ही संच मराठीत उतरवताना ही उपपदे जपून ठेवलीत, म्हणजे आता ती तुम्हाला दिसू लागली आहेत.

'हॅड' ची गोष्ट आणखी नाजूक आहे. मराठीत 'मी काल बँकेत गेलो होतो' हे वाक्य अगदी सहज बोलले जाते. तेथे 'होतो' असले तरी त्याच्या पुढची दुसरी कोणतीही भूतकाळातील घटना अभिप्रेत नसते. इंग्रजीत 'हॅड गॉन' म्हटले की वाचक लगेच विचारतो, कशाच्या आधी? म्हणजे 'हॅड' हा स्वतःच एक मागणी आहे. तुमच्या ई या वाक्यात 'हॅड कन्व्हिन्स्ड' होते. 'टू इयर्स अर्लियर' ऐवजी तेथे 'इन १९६०' असते, तरी केवळ 'हॅड' वरून मी ते वाक्य पहिले ठेवायला कचरले असते. मराठी मनाला तो 'होते' इतका ओळखीचा वाटतो की त्यात काही विशेष आहे असे जाणवत नाही.

तिसरी गोष्ट कर्मणी प्रयोगाची. मराठीत शब्दांचा क्रम बराच लवचीक आहे. 'हा कायदा संसदेने संमत केला' असे म्हणून आपण आधी बोललेल्या गोष्टीला, म्हणजे कायद्याला, वाक्याच्या तोंडाशी सहज आणतो. इंग्रजीत कर्त्याला पहिली जागा द्यावी लागते, म्हणून आधीच्या वाक्यातील गोष्ट तोंडाशी आणायची असेल तर इंग्रजी लेखक 'द अ‍ॅक्ट वॉज पास्ड बाय' असा कर्मणी प्रयोग करतो. त्यामुळे कर्मणी वाक्य दिसले की त्याच्या पहिल्या नामाकडे पाहा. ते नाम बहुधा आधीच्या वाक्याच्या शेवटी आलेले असते. परिचित गोष्ट आधी आणि नवी गोष्ट नंतर, अशी ही साखळी वाक्यामागून वाक्य चालते.

मायकेल हॅलिडे आणि रुकय्या हसन या भाषाशास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये इंग्रजीतील वाक्ये जोडणाऱ्या धाग्यांचे पाच प्रकार मांडले: संदर्भ दाखवणारे शब्द, एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द, गाळलेला शब्द, उभयान्वयी शब्द आणि शब्दसंग्रहातून होणारी जोडणी. शिकवण्यांमध्ये सारा भर चौथ्या प्रकारावर असतो, कारण 'हाउएव्हर' शोधणे सोपे आहे. माझ्या अनुभवात अवघड संच पहिल्या आणि पाचव्या प्रकारावर बेतलेले असतात. पाचव्याचे उदाहरण म्हणजे 'धिस डिसिजन', 'सच मेझर्स', 'द ट्रेंड' असे शब्द, जे आधीच्या संपूर्ण वाक्याला एक नाव देतात. आधी 'डिसिजन' हा शब्द कुठेच नसतो. आधी कोणीतरी काहीतरी ठरवलेले असते, आणि नामकरण पुढच्या वाक्यात होते. ज्यांनी केवळ सारखा शब्द शोधला, ते येथे थांबतात.

मधली सुट्टी

'हॅड' चे स्पष्टीकरण वाचून मागच्या तीन मॉक परीक्षा पुन्हा काढून पाहिल्या. माझ्या सात चुकांपैकी दोन ठिकाणी 'हॅड' असलेले वाक्य मी पहिले ठेवले होते. तीन वर्षे हे माझ्या नजरेला आले नव्हते. धन्यवाद.

शाईपेन

निळी वही यांच्या एका मुद्द्यावर थोडा मतभेद नोंदवतो. 'इन १९६०' असते तर केवळ 'हॅड' च्या आधारावर उत्तर ठरवणे धोक्याचे झाले असते. वृत्तपत्रीय इंग्रजीत 'बाय १९६०, मेनी बँक्स हॅड फेल्ड' अशी सुरुवात सर्रास आढळते. तेथे साल हेच संदर्भबिंदू बनते आणि वाक्याची मागणी त्याच वाक्यात पूर्ण होते.

निळी वही

मान्य आहे. 'बाय १९६०' आणि 'इन १९६०' यांत फरक आहे हे खरे. 'बाय' असेल तर मीही ते वाक्य पहिल्या जागेसाठी विचारात घेईन. 'इन' असेल तर मात्र माझा कौल तोच राहील, कारण 'इन' सोबत साधा भूतकाळ पुरेसा असताना लेखकाने 'हॅड' वापरला, त्याला कारण असले पाहिजे. परंतु अशा वेळी एका खुणेवर न थांबता दुसरी खूण शोधावी, हा तुमचा आग्रह रास्त आहे.

यावरून आठवले. आयबीपीएस प्रश्नपत्रिका प्रसिद्ध करत नाही. बाजारात 'मेमरी बेस्ड' म्हणून जे संच मिळतात ते उमेदवारांच्या आठवणीवरून पुन्हा लिहिलेले असतात. आठवणीत आशय राहतो. 'अ' होता की 'द' होता, 'बाय' होता की 'इन' होता, हे राहत नाही, आणि क्रम तर त्यांवरच ठरतो. त्यामुळे अशा संचात दोन क्रम सारखेच योग्य वाटले, तर स्वतःला दोष देण्याआधी संचच सदोष असू शकेल हे ध्यानात घ्यावे आणि तो सोडून द्यावा. सदोष संचावर डोके चालवून आपण चुकीची कारणे शिकतो.

अर्धविराम

मग सरावासाठी साहित्य कोठून घ्यावे? आणि दिवसाला किती संच सोडवावेत? मी सध्या दहा सोडवते.

पायवाट

दहा संच सोडवून केवळ बरोबर आणि चूक मोजण्यापेक्षा तीन संच सोडवून प्रत्येक वाक्याची मागणी लिहून काढणे जास्त उपयोगाचे ठरले, असा माझा अनुभव आहे. मी एक वही केली होती. त्यात प्रत्येक चुकीसाठी एकच गोष्ट लिहायची: माझ्या नजरेतून सुटलेला शब्द कोणता. 'मला उतारा समजला नाही' असे लिहायचे नाही, कारण ते कारण नाही. महिन्याभराने ती वही चाळली तेव्हा दिसले की माझ्या चुका पाचसहा शब्दांभोवतीच फिरत होत्या: 'सच', 'लॅटर', 'यट', 'अनदर', 'इन्स्टेड', 'दीज'. 'अनदर' म्हणजे पहिला कुठेतरी आला आहे, 'लॅटर' म्हणजे आधी दोन गोष्टी आल्या आहेत, 'इन्स्टेड' म्हणजे आधी काहीतरी नाकारले गेले आहे. हे शब्द मला शाळेपासून माहीत होते, तरी ते मागे बोट दाखवतात हे मी वाचताना पाळत नव्हतो.

साहित्याबद्दल सांगायचे तर कोणत्याही इंग्रजी दैनिकाचा अग्रलेख घ्या, त्यातील पाच ते सात वाक्यांचा एक परिच्छेद निवडा, प्रत्येक वाक्य वेगळ्या चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठ्या दोन दिवस बाजूला ठेवा. लगेच लावल्यास आठवणीने लागतात. दोन दिवसांनी लावा आणि मूळ क्रमाशी ताडून पाहा. येथे उत्तर निश्चितपणे बरोबर असते, कारण ते खुद्द लेखकाचे असते. तुमचा क्रम वेगळा आला तर मूळ लेखकाने तसे का केले याचे कारण सापडेपर्यंत पुढे जायचे नाही.

शाईपेन

याला एक जोड देतो. वाचताना पुढची वाक्ये कागदाने झाका आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबून पुढचे वाक्य कशाबद्दल असेल ते मनाशी ठरवा. मग कागद खाली सरकवा. सुरुवातीला अंदाज चुकतात. पंधरावीस दिवसांत जाणवू लागते की कोणते वाक्य उदाहरण मागते आहे, कोणते कारण मागते आहे आणि कोणते पूर्ण होऊन थांबले आहे. वाक्य घालण्याचे आणि शेवटचे वाक्य निवडण्याचे जे प्रश्न मुख्य परीक्षेत येतात, त्यांना हा सराव थेट उपयोगी पडतो. पीओच्या वर्णनात्मक पेपरमध्ये अर्ध्या तासात २५ गुणांचे लेखन करायचे असते, तेथेही वाक्ये एकमेकांना धरून लिहिण्याची सवय कामी येते.

अर्धविराम

आठ दिवसांनी परत येत आहे. चिठ्ठ्यांचा प्रयोग रोज एकदा करते. क्रम लावण्याच्या संचांत सुधारणा जाणवते. परंतु 'ऑड वन आउट', म्हणजे परिच्छेदात न बसणारे वाक्य ओळखण्याचा प्रकार अजून गोंधळात टाकतो. एक संच देते.

अ. १९ जुलै १९६९ रोजी सरकारने १४ मोठ्या बँका ताब्यात घेतल्या.

ब. 'ईच ऑफ देम' कडे ५० कोटी किंवा त्याहून अधिक ठेवी होत्या.

क. शेती आणि लघुउद्योगांपर्यंत कर्ज पोहोचावे हा 'स्टेटेड पर्पज' होता.

ड. रिझर्व्ह बँकेच्या सहा सदस्यांच्या पतधोरण समितीतील तीन सदस्यांची नेमणूक सरकार करते.

इ. 'द सेम पर्पज' समोर ठेवून १९८० मध्ये आणखी सहा बँका घेण्यात आल्या.

मी ब हे उत्तर दिले. बाकीची वाक्ये सरकार काय करते याबद्दल आहेत आणि ब मध्ये केवळ एक आकडा आहे, असा माझा विचार होता. उत्तर ड आहे. ड मध्ये सरकारही आहे आणि बँकही आहे, मग ते बाहेर का जाते?

निळी वही

तुम्ही विषयाचे शब्द जुळवलेत, मागणी तपासली नाहीत. प्रश्न तयार करणारा बाहेरच्या वाक्यात 'सरकार' आणि 'बँक' हे शब्द मुद्दाम ठेवतो, कारण शब्द जुळवणारा उमेदवार तेथे फसावा अशीच त्याची अपेक्षा असते.

आता मागण्या पाहा. ब मधील 'ईच ऑफ देम' ला अनेक गोष्टींचा एक गट हवा आहे, आणि ठेवी असू शकतील असा गट फक्त अ मधील १४ बँकांचा आहे. पतधोरण समितीच्या सदस्यांकडे ५० कोटींच्या ठेवी असण्याचा प्रश्न येत नाही. म्हणजे अ आणि ब बांधले गेले, मग ब कितीही रुक्ष आकड्याचे वाक्य असो. इ मधील 'द सेम पर्पज' ला एक हेतू हवा आहे, तो क मध्ये आहे, आणि 'आणखी सहा' या शब्दांना आधीचा एक आकडा हवा आहे, तो अ मध्ये आहे. क मधील हेतू कोणत्या तरी कृतीचा हवा, ती कृतीही अ मध्येच आहे. चारही वाक्ये एकमेकांत अडकली.

ड कडे पाहा. ते कोणाकडे काही मागत नाही. तेवढ्यावरून मात्र ते बाहेर जात नाही, कारण पहिले वाक्यही कोणाकडे काही मागत नाही. फरक असा की पहिल्या वाक्याकडे इतर वाक्ये काहीतरी मागतात. अ कडे ब, क आणि इ या तिघांनीही मागितले. ड कडे कोणीच मागितले नाही. शिवाय बाकीची वाक्ये भूतकाळात आहेत आणि ड वर्तमानकाळात आहे. ही खूण एकटी पुरेशी नसते, पण येथे ती पहिल्या निष्कर्षाला दुजोरा देते.

अर्धविराम

हे वाचून कालचे चार 'ऑड वन आउट' संच पुन्हा सोडवले. या वेळी उत्तर निवडण्याआधी प्रत्येक वाक्यासमोर दोन गोष्टी लिहिल्या: ते कोणाकडे मागते आणि त्याच्याकडे कोण मागते. तीन बरोबर आले. चौथ्यात मी ज्या वाक्याला बाहेर काढले होते त्यात 'सच लोन्स' होते, आणि त्याची मागणी दोन वाक्ये आधीच्या एका लांब वाक्याच्या मध्यभागी लपलेली होती. वहीत 'सच' लिहून ठेवले आहे. वहीतला हा त्याचा तिसरा उल्लेख आहे, तेव्हा या आठवड्यात अग्रलेखांतील प्रत्येक 'सच' अधोरेखित करून तो कोणत्या शब्दांकडे बोट दाखवतो ते समासात लिहिणार आहे.